सातव्या तारेवरची हाक

कारागांदाजवळच्या त्या कोळसाखाणीत वायूची पातळी सांगणारा संगणक सकाळपासून सारखा गोठत होता. त्याचा कर्नल, म्हणजे गाभ्यातला मूळ प्रोग्रॅम, रौशनला तळहातासारखा माहीत, म्हणून तिला बोलावलं. बाहेर बर्फाचं वादळ, आत ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास. वीज गेल्याने माणसं वर आणणारा पाळणा अडकला होता. संगणक तेवढा बॅटरीवर. खाली अकराजणांची पाळी. संगणक मुका झाला, तर वायू साचल्याचं त्यांना कळणारही नव्हतं.

खाणीतलं मदतीचं बटण कुणी दाबलं की प्रोसेसरला इंटरप्ट जातो. हातचं काम टाकून त्याला आधी तिकडे धावावं लागतं. आज हाका इतक्या लागोपाठ येत होत्या, की त्याला दुसऱ्या कशाला उसंतच नव्हती. रौशनने त्या वाटेवर ब्रेकपॉइंट लावला. हाक येताच प्रोसेसर जागीच थांबेल, आणि ती कुठल्या भुयाराच्या तारेवरून आली ते दिसेल.

तो लगेच थांबला. तार सातवी.

कंट्रोल रूममधले म्हातारे कुसाइन अगा खुर्चीतून अर्धवट उठले. "सातवी?... पोरी, ती तार मी माझ्या हाताने कापलीय. आगीनंतर."

त्या आगीत सातवं भुयार आतल्या माणसांसकट भिंत घालून बुजवलं होतं. आत रौशनचा नवरा होता, एरमेक.

तिने प्रोसेसर पुन्हा चालू केला. पुन्हा थांबला. सातवीच.

"त्या तारेचं ऐकूच नकोस म्हणावं त्याला," अगा कुजबुजले. "खाली जिवंत माणसं आहेत गं."

"अगा... तेव्हाही आतले असंच बटण दाबत होते?"

अगांनी मान खाली घातली. "भिंत पुरी झाल्यावरही... म्हणून तर तार कापली."

रौशन कीबोर्डकडे वळली. मग तिने सातव्या तारेकडे प्रोसेसरचे कान बंद केले. वायूचे आकडे पडद्यावर भराभर हलू लागले. अगांनी सुस्कारा सोडला. तिला मात्र ओल्या सिमेंटचा वास आला.

तेवढ्यात प्रोसेसर पुन्हा थांबला. नववी तार. नवव्या भुयारात आजची पाळी होती.

तिने खाली फोन लावला. एरमेकचा जुना दोस्त, मुकादम तोलेगेन, हसतच बोलला, "काय वहिनी, पाळणा यायच्या आधी तुझाच फोन आला! आम्ही सगळे इथे चहा पीत बसलोय."

"मग बटण कोण दाबतंय?"

"बटण? ते तिकडे वळणावर... थांब, बॅटरी मारतो."

नुसती खरखर. मग त्याचा आवाज अगदी लहान झाला.

"वहिनी... बटणापाशी माणसांची रांग लागलीय गं. आणि एकाच्याही टोपीवर दिवा नाही."