आबांच्या टोपीतला काटा

आबांचा ताप शाळेच्या घंटेसारखा वेळेवर यायचा. दिवेलागणीला हजर, सकाळी पसार. ना सर्दी, ना खोकला. एकवीस दिवसांत आबा निम्मे झाले. आबांवाचून त्यांच्या दहा वर्षांच्या नातीचं, मृदाचं, पान हलत नसे.

शेवटी आरोग्यकेंद्रातली यंत्रवैद्य (डॉक्टरचं काम करणारी यंत्रमानव) धन्वी घरी आली. तिनं आबांच्या छातीवर तळवा ठेवला.

"लहानपणी सांधेताप आला होता?"

"व्हय. तवापास्नं काळजाची एक झडप (रक्ताला मागं फिरू न देणारं दार) खराब हाय."

"मग आधी रक्त तपासायला घेते. औषध आधी दिलं, तर ताप आणणारा चोर लपून बसेल. पण चोर शिरला कुठून?"

जखम नाही, ऑपरेशन नाही. धन्वीची प्रश्नांची यादी संपली. मृदाचं लक्ष मात्र आबांच्या टोपीकडे गेलं.

"जेवण झालं की आबा टोपीतल्या बाभळीच्या काट्यानं दात कोरतात. हिरड्यांतून रक्त येतं."

"चुगलखोर कुठली!" आबा पुटपुटले.

"हीच ती वाट असणार!" धन्वी म्हणाली. "तोंडातले जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव) जखमेतून रक्तात शिरतात. गुळगुळीत झडपेवर त्यांना सहसा थारा मिळत नाही. खडबडीत झडपेवर ते चिकटतात, वाढतात आणि तिलाच पोखरतात."

आबांनी जन्मभर पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारा) म्हणून काम केलेलं. "म्हंजी गंजल्या दाराला गाळ धरतो, तसंच की!"

"तसंच. फक्त हा गाळ जिवंत आहे."

दोन दिवसांत रक्तातले जिवाणू सापडले. आबांना दवाखान्यात ठेवून सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविक (जिवाणू मारणारं औषध) दिलं. ताप गेला तो गेलाच.

घरी आल्यावर आबांनी धन्वीला हात जोडले. "बाई, तुजं उपकार कसं फेडू?"

"काटा मला दिसला नव्हता. नातीला दिसला."

आबांनी मृदाला पोटाशी धरलं. "पोरी, तुज्यामुळं जगलो बघ." टोपीतला काटा त्यांनी स्वतःच चुलीत टाकला. आता ते मऊ ब्रशनं दात घासतात आणि दाताच्या डॉक्टरला आधी झडपेचं सांगतात.

पुढच्या तपासणीला दोघं केंद्रात गेले, तेव्हा तापानं फणफणलेले एक म्हातारबाबा धन्वीसमोर बसले होते. त्यांचंही झडपेचं दुखणं जुनंच होतं.

"बाबा," धन्वीनं विचारलं, "दात कशानं कोरता?"

हा प्रश्न आता जिल्ह्यातल्या प्रत्येक यंत्रवैद्याच्या यादीत होता. आबांनी मृदाचा हात घट्ट दाबला.