कडव्याचा शेवटचा सूर

दोरीला टांगलेला शिशाचा गोळा बोराएवढा होता. मागच्या फळीवर खडूच्या दोन रेघा. ऑर्गनच्या भात्यात हवा भरली की गोळा खालच्या रेघेपर्यंत उतरतो, हवा गेली की वर चढतो. मी पाहिला तेव्हा तो पार वर, कप्पीला टेकलेला होता. भाता रिकामा होता.

काम आटोपून परत पाहिलं, तर तो दोन बोटं खाली आला होता.

कोणी भात्याला हात लावला नव्हता. चर्चमध्ये मी एकटीच होते.

हे आणि याच्या पुढचं, सगळं खरं घडलेलं आहे. आणि रात्री-बेरात्री नाही... भर दुपारी, खिडक्यांमधून ऊन आत आलेलं असताना, आणि शेवटी तर चार माणसांच्या देखत.

मी भौतिकशास्त्र शिकले. जुन्या इमारतींच्या भेगा मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. मोजता येतं त्यावर माझा विश्वास आहे. इथे जे मोजता आलं ते सांगते, आणि जे आलं नाही तेही सांगते.

आमचं चर्च दगडी, जुनं, दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं. मंडळी आता इतकी थोडी की रविवारी पुढची दोन बाकंही भरत नाहीत. पालिकेचा वारसा दर्जा मिळाला तर ते वाचणार होतं. नाही मिळाला तर धोकादायक इमारत म्हणून पाडलं जाणार होतं. मधला रस्ता नव्हता.

अडलं होतं ते एका भिंतीवर. मुख्य दाराच्या वर एक लाकडी माळा आहे. तो मूळ इमारतीत नव्हता, ऑर्गन ठेवायला नंतर बांधला. ऑर्गनच्या वजनाने माळा भिंतीला ओढत होता आणि भिंत फाटत चालली होती. भेगेवर मापनपट्टी मीच चिकटवली होती. भेग वाढत होती, यात शंका नव्हती.

पालिकेने कळवलं, आधी ऑर्गन उतरवा, मग दर्जाचा विचार करू.

ऑर्गन आमच्या पणजोबांनी दिलेला. अट एकच, घरच्यांच्या होकाराशिवाय तो जागचा हलवायचा नाही. आणि तो इतका जुना झाला होता की एकदा उतरवला तर पुन्हा उभा राहणार नव्हता.

होकार बाबांनी द्यायचा होता.

आई गेल्यापासून ते "बघू" म्हणत होते.

बाबा ऑर्गन वाजवायचे. पण हा ऑर्गन विजेवर चालत नाही. मागे लाकडी पडद्याआड कोणीतरी उभं राहून दांडा वर-खाली करत भाता भरत राहावं लागतं. लग्न झाल्यापासून ते काम आईचं. बाबा सगळ्यांना दिसायचे, आई कोणालाच नाही. त्यांची एक खूण होती. बाबा सुरू करण्याआधी पाय एकदा आपटायचे. भाता भरला की आई अंगठीने फळीवर दोनदा ठोकायची. मग सूर लागायचा.

पुढे आईची फुप्फुसं आकसत गेली. डॉक्टरांनी दांड्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "मग काय, ते एकटे वाजवणार? त्यांच्याच्याने होतंय!"

तिला खोकला यायचा. गाणं चालू असताना ती तो दाबून धरायची. बाबांच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून ते प्रत्येक कडव्याचा शेवटचा सूर लांबवू लागले. भरभक्कम, मोठा सूर. त्याच्याखाली आई खोकून घ्यायची. मंडळीला वाटे, म्हाताऱ्याचा हात जड झाला. एकदा एक बाई मला म्हणाल्याही, "तुझ्या बाबांना सांग गं, आमचा दम संपतो."

त्या दिवशी गोळा खाली आलेला पाहिला तेव्हा बाबा जिना चढत होते. ते रोज दुपारी तिथे येऊन बसायचे. वाजवायचे नाहीत. नुसते बसायचे.

"बाबा, भात्याचं चामडं घडीवर फाटलंय. माझा हात आत जातोय."

"जाऊ दे."

"तरी गोळा खाली आलाय."

ते पायरीवरच थांबले.

"का आला असेल?" त्यांनी विचारलं.

"हवा दमट आहे. दोरी लांबली असेल."

"असेल," बाबा म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं. दोरीच लांबली असेल."

पण घरी जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला. माझ्याकडे न बघता.

"मी पाय आपटतो."

"कुठे?"

"वर. बाकावर बसलो की. सवयीने."

"मग?"

त्यांनी बोटाच्या पेराने ताटाच्या कडेवर वाजवलं...

टक. टक.

"रोज," ते म्हणाले. "एकही दिवस चुकवलेला नाही तिने."

जुनं लाकूड उन्हाने आकसतं, तडकतं, त्याचा आवाज होतो. हे मी त्यांना सांगू शकले असते. पण बाबांनी बऱ्याच दिवसांनी पोळी दुसऱ्यांदा वाढून घेतली होती. मी भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

तेवढं मात्र कळलं. ते चर्च अडवून बसले नव्हते. ते आईला घरातून बाहेर काढायला तयार नव्हते. तिचं घर आता तो पडदा होता.

शेवटच्या पाहणीला पालिकेच्या वारसा अधिकारी बाई माळ्यावर आल्या. सोबत आमचे पाळक, चर्चचे धर्मगुरू. बाई सरळ होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या.

"आजच्या अहवालानंतर माझ्या हातात काही राहणार नाही," त्या बाबांना म्हणाल्या. "पावसाआधी भिंतीवरचं वजन गेलं नाही, तर ही इमारत धोकादायकमध्ये जाईल. मग मी इथे यायचं कारणच उरणार नाही."

"बघू," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही बघू बघू म्हणता म्हणता भिंत आम्हाला बघून घेईल," पाळक म्हणाले. कोणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

बाईंनी विचारलं, "ऑर्गन चालू आहे की बंद? तशी नोंद करावी लागते."

"बंद," मी म्हणाले. "भाता फाटलाय."

"चालू आहे," बाबा म्हणाले.

त्यांनी झाकण उघडलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मी पडद्यामागे गेले. म्हटलं, दांडा हलवून दाखवू, फसफस आवाज येईल, विषय संपेल. मागे जेमतेम एक माणूस उभं राहील एवढीच जागा. आईचं स्टूल. फळीवर गोळा आणि खडूच्या रेघा. दांड्यावर धुळीचा थर होता, कोणाचं बोटही उमटलेलं नव्हतं.

पलीकडे बाबांनी पाय आपटला.

मी दांड्याकडे हात नेला...

आणि माझ्या कानाशी फळीवर ठोकलं गेलं.

टक. टक.

दांडा हलत नव्हता. धूळ तशीच होती. पण तो हलताना जशी करकर व्हायची, तशीच होत होती. एका लयीत. भाता फुगत होता. चामड्याच्या ज्या फटीत माझा हात जात होता, ती माझ्या डोळ्यांसमोर होती. उघडी. तिच्यातून हवा येत नव्हती.

गोळा खाली आला. खालच्या रेघेशी थांबला.

सूर लागला.

आजही मला त्याचं कारण सांगता येत नाही. त्या भिंतीवरची पट्टी वाचायला मी अजूनही जाते, पण एकटी जात नाही. कोणी विचारलं तर शिडी धरायला माणूस लागतो म्हणते.

बाबा आईच्या आवडीचं गीत वाजवत होते. पडद्यापलीकडे पाळक हलकेच शब्द पुटपुटू लागले. पहिलं कडवं संपत आलं. आणि सवयीने, केवळ सवयीने, बाबांनी शेवटचा सूर लांबवला...

त्या सुराखाली कोणीतरी खोकलं.

दाबून धरलेला, कोरडा, तळापासून ओढून काढलेला खोकला. माझ्यापासून हातभर अंतरावर. स्टुलावर कोणी नव्हतं.

"मागे कोणाला बरं नाही का?" बाई म्हणाल्या. "त्यांना खाली पाठवा ना. इथे धूळ आहे."



बाबांनी दुसरं कडवं घेतलं. हळू. बहुतेक त्यांना खात्री करून घ्यायची होती. करकर आता लयीत नव्हती, मध्ये मध्ये अडत होती. दोन करकरींच्या मध्ये श्वास ऐकू येत होता. आत जाताना शीळ घालणारा, शेवटच्या महिन्यांत रात्रभर आम्ही ऐकलेला तोच श्वास.

गोळा थरथरत होता, पण खालच्या रेघेशीच होता. ती तो वर जाऊ देत नव्हती.

सूर अचानक थांबला. कडवं अर्धंच राहिलं.

बाबा पडद्यामागे आले. मी मागे सरकून त्यांना जागा दिली. त्यांनी फाटकं चामडं पाहिलं, धुळीने भरलेला दांडा पाहिला. मग स्टुलाकडे पाहत राहिले. करकर चालूच होती. तिला कोणी थांब म्हटलंच नव्हतं.

"मला वाटलं, तिकडे गेल्यावर बरं वाटत असेल तुला," बाबा म्हणाले.

मी त्यांचा दंड धरला.

"मी रोज येऊन पाय आपटत बसलो. आणि तू रोज उठत राहिलीस."

...श्वास. मग पुन्हा करकर.

बाबा वाकले. जिथे तिचा खांदा आला असता, तिथे त्यांनी हात ठेवला.

"झालं गाणं," ते म्हणाले. "बस आता."

करकर थांबली. गोळा सावकाश वर चढू लागला आणि कप्पीला टेकला. भात्यातून बाहेर पडणारी हवा माझ्या पायांना लागली.

पडद्यापलीकडून बाईंनी हळूच विचारलं, "मग काय लिहू मी?"

बाबांनी हात तसाच ठेवला होता. पण उत्तर त्यांनी मोठ्याने दिलं, खाली बाकांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"उतरवा," ते म्हणाले. "ऑर्गन उतरवा."