डावं मागचं चाक

पश्चिम द्रुतगती महामार्गावर, आरेच्या फाट्याच्या थोडं अलीकडे, एका पांढऱ्या कॅराव्हॅनचं मागचं चाक जळत होतं आणि ती ओढून नेणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. तो गाणं म्हणत होता. निदान ओठ हलत होते; स्कूटरवरून त्याच्या जीपच्या खिडकीशी पोचलेल्या संघमित्राला एवढंच दिसलं. ऑक्टोबरची पांढरीफटक दुपार, घशात बसणारा जळक्या रबराचा वास, आणि त्या सगळ्याच्या पुढे हा सुखी प्राणी! तिने हॉर्न वाजवला, हात हलवले. त्याने आरशात पाहिलं, अत्यंत सभ्यपणे जीप डावीकडे घेतली आणि तिला पुढे जायला वाट दिली.

सिग्नलला तिने त्याची काच ठोठावली.

“साइड दिली ना मॅडम तुम्हाला?”

“साइड नको आहे. उतरा आणि मागे बघा.”

तो उतरला. डाव्या मागच्या चाकाच्या जागी आता काळ्या चिंध्या लोंबत होत्या. कॅराव्हॅनला चार चाकं होती, उरलेल्या तिन्हींनी भार वाटून घेतला होता. वरवर पाहणाऱ्याला काही बिनसलं आहे असं वाटलंही नसतं. त्याने उकिडवं बसून एक चिंधी हातात धरून पाहिली. मग मान वर करून म्हणाला, “मला खरंच काही कळलं नाही.”

“कळत नाहीच. ओढणाऱ्याला कधीच कळत नाही.”

हे वाक्य तिने केवळ तांत्रिक अर्थाने उच्चारलं होतं. तिच्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची सुरुवातच त्याने होत होती.

पवईच्या तंत्रसंस्थेत संघमित्रा ज्या विषयावर डॉक्टरेट करत होती, तो ऐकून नातेवाईक आदराने गप्प बसत. मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या फिरत्या घरांच्या चाकांमधली हवा पुढे बसलेल्या चालकाला सतत कशी कळवता येईल, असा तो विषय. प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखा एक सेन्सर बसवायचा, चालकासमोर छोटा पडदा ठेवायचा, हवा ठरावीक आकड्याखाली गेली की पडद्याने ओरडायचं. मधल्या पत्र्याच्या घरातून संदेश पुढे पोचेल की नाही, हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी एक कॅराव्हॅन हवी होती, आणि ज्या शहरात न हलणारं घर मिळवण्यात उभी हयात जाते, तिथे हलणारी घरं किती असणार? दोन वर्षं ती पत्रं लिहीत होती. दैवावर विश्वास ठेवण्याची तिच्या घरची रीत नव्हती. त्यामुळे त्या दुपारी जे झालं त्याला तिने योगायोग म्हटलं आणि त्याचा नंबर घेतला.

त्याचं नाव शेर्विन. बोरीवलीच्या एक्सर गावातला, चर्चमागच्या जुन्या घरांपैकी एकातला. कॅराव्हॅन त्याच्या वडिलांची, कॉस्मस यांची. त्यांनी ती कुणा परतणाऱ्या परदेशी माणसाकडून घेतली, आत स्वतः पलंग आणि आरसे बसवले. ते गेल्यावर शेर्विन ती गोरेगावच्या स्टुडिओत कलाकारांना कपडे बदलायला भाड्याने देत असे.

पुढच्याच रविवारी तिने चारही चाकांवर सेन्सर बसवले. पितळी व्हॉल्व्ह पुसताना दोघांची बोटं सारखीच काळी झाली. तो तिला ‘डॉक्टर’ म्हणू लागला. अजून झालेले नाही, असं तिने बजावलं. मग उपचार तरी कर, तो म्हणाला, आणि ती हसली नाही. फक्त पाना नको त्या नटावर फिरवत राहिली.

चाचण्या सुरू झाल्या. बोरीवली ते गोरेगाव, गोरेगाव ते बोरीवली. ती शेजारी बसून वहीत आकडे लिहायची. नवा टायर घालूनही डावं मागचं चाक इतरांपेक्षा एखाददुसरा पौंड मागेच राहायचं. व्हॉल्व्ह किंचित गळका होता, आणि तो बदलायचा नाही असं तिने ठरवलं होतं, कारण अभ्यासाला एक दोष हवाच होता. खड्डा आला की शेर्विन समोर पाहत विचारायचा, “काय म्हणतंय डावं मागचं?”

“शेहेचाळीस. गप्प आहे.”

“लाजतंय.”

“तुझ्यापेक्षा शहाणं आहे. न बोलता कळवतं.”

“मी पण कळवतोय ना… रीडिंग चुकतंय तुझं.”

तिने वहीतून डोकं वर काढलं नाही. त्या ओळीत आकड्याऐवजी एक लांबलचक रेघ पडली होती.

हवा मोजायची ती चाक गार असताना. धावून तापलेलं चाक आकडा फुगवून सांगतं. गार व्हायला तीन तास लागतात. म्हणून फेरी संपली की ती दोघं राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीलगत कॅराव्हॅनच्या पायरीवर बसून चाकं गार होण्याची वाट बघत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तरी चाललं असतं. हे तिला ठाऊक होतं, त्यालाही पहिल्या आठवड्यातच उमगलं होतं, आणि विज्ञानाच्या इतिहासात इतक्या निष्ठेने कुणी टायर गार होऊ दिले नसतील. भिंतीपलीकडून पाचोळ्यावरून काही चालल्याचा आवाज यायचा. तो आईने दिलेला केक कागदातून काढायचा, मोठा तुकडा तिच्याकडे सरकवायचा. एकदा तिच्या कपाळावरचं वंगण पुसायला त्याने हात उचलला आणि मधेच थांबवला — तसाच, हवेत. ती म्हणाली, “तीन तास झाले.” अजून दीडच झाला होता.

नोव्हेंबरपासून ती लेखनाला बसली, आणि सकाळचे गार आकडे तो निरोपाने पाठवू लागला. रोज साडेसहाला चार आकडे. ४८, ४८, ४९, ४६. ती एका शब्दात उत्तर द्यायची — नोंदलं. पुढेमागे एक अक्षरही नाही. काही लोक एवढ्यावर जगू शकतात. आणि ज्यांना जगता येतं त्यांच्या वाट्याला नेमकं एवढंच येतं.

जानेवारीच्या आठ तारखेला मुंबईला थंडी पडली. वसतिगृहात स्वेटर निघाले. संघमित्राने खिडकीबाहेर हात काढून पाहिला, मग निरोप वाचला. ४८, ४८, ४९, ४६.

हवा थंडीने आकसते. रात्रीचा पारा नऊ-दहा अंशांनी उतरला की चाकातला दाब दीड-दोन पौंड खाली यायलाच हवा; त्याला बोरीवलीही अपवाद नाही. तिने वही मागे चाळली. डिसेंबरच्या एकोणीस तारखेपासून आकडे जवळजवळ स्थिर होते. मधेच एखादा ४७, पुन्हा ४८, जणू कुणीतरी विचार करून बदल केला असावा. डाव्या मागच्या चाकाचा स्वभाव त्याने लक्षात ठेवला होता. थंडी विसरला होता.

तिने त्याच दिवशी विचारायला हवं होतं. तिने लिहिलं — नोंदलं.

त्या दिवसासकट वीस दिवस तिने तोच शब्द लिहिला. का, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच स्वतःचा इतका राग येत होता. विचारलं असतं तर साडेसहाचा निरोप थांबला असता. रविवारी दोघं पवई तलावाकाठी भेटत. तो कामाचं विचारल्यावर पाण्याकडे बघे, ती त्याच्याकडे बघे, आणि दोघं सिंगदाण्याची पुडी संपवत.

सत्तावीस तारखेला तिच्या मार्गदर्शकांनी तक्ते पाहिले. परवा समितीसमोर सादरीकरण होतं. खोट्या दिवसांवर बोट ठेवून ते प्रसन्नपणे म्हणाले की, इतकी स्वच्छ मालिका त्यांनी कधी पाहिलेली नाही. हीच पुढे ठेवावी. सत्याला विद्वानांसमोर एवढाच दोष असतो — ते अस्वच्छ असतं.

या संस्थेत संघमित्राचे आकडे लोक दोनदा तपासत. तिचं आडनाव एकदाच वाचत. प्रवेशाच्या मुलाखतीत तिला पहिला प्रश्न गणितावर नव्हे, प्रवर्गावर विचारला गेला होता. इतर कुणाची चूक ही चूक ठरते. तिची चूक पुरावा ठरली असती, आणि तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळी तो चिकटवला गेला असता. शेर्विनला यातलं काही माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलंच नव्हतं. तीन-तीन तास पायरीवर बसून ती दोघं माकडांविषयी बोलली होती.

अठ्ठावीसच्या सकाळीही निरोप आला. ती उत्तर न देता स्कूटर घेऊन एक्सरला गेली.

घरासमोरच्या मोकळ्या जागेत, जिथे कॅराव्हॅन उभी असायची, तिथे कपडे वाळत होते. शेर्विनची आई, पेट्रिशिया, दोरीशी उभी होती. कॅराव्हॅन कुठे आहे, असं विचारताच तिने सहज सांगितलं, “ती तर नाताळाआधीच विकली, बाय. कर्जतच्या रिसॉर्टवाल्यानं नेली. चाकं काढून विटांवर ठेवलीय म्हणे, खोली म्हणून.” मग शेर्विनचा मोठा भाऊ रसेल न्यूझीलंडला आहे, त्याने शेर्विनला तिकडे बोलावलं आहे, पंधरा फेब्रुवारीला विमान आहे, हेही तिने त्याच ओघात सांगितलं. तुला ठाऊकच असेल, ती म्हणाली. संघमित्राने मान डोलावली. एवढी सवय तिला वीस दिवसांत झाली होती.

शेर्विन दारात आला. आई कपड्यांची रिकामी बादली घेऊन मागच्या बाजूला गेली. वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध दोघं उभी राहिली.

“एक्केचाळीस दिवस,” संघमित्रा म्हणाली.

तो मागे वळला. आत जाऊन बिस्किटांचा एक डबा घेऊन आला. आत पडदा आणि चारही सेन्सर कापसात ठेवले होते. विकण्याआधी त्याने ते काढून घेतले होते.

“सांगणार होतो. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू… मग आकडेच टाइप व्हायचे. गाडी गेली म्हटल्यावर तू कशाला येशील?”

“मी टायरसाठी येत होते, असं वाटत होतं तुला?”

“तू कधी दुसरं काही म्हणालीस?”

वाऱ्याने उडून एक चादर तिच्या खांद्याला लागली, ती तिने हळूच बाजूला केली.

“मला आठ तारखेलाच कळलं होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी थंडी पडली होती. हवा उतरायला हवी होती.”

“मग नोंदलं, नोंदलं का लिहीत होतीस?”

“तू का पाठवत होतास?”

दोघांचं उत्तर एकच होतं आणि ते चार महिन्यांत कुणी दिलं नव्हतं. आता मात्र त्याने दिलं, अडखळत, खाली बघत. तिच्यावर जीव आहे, महामार्गावर तिने काच वाजवली तेव्हापासूनच असेल, लग्न करू, तिकडे दोघं जाऊ, किंवा ती म्हणाली तर तो जाणारच नाही, भावाला आजच फोन करतो. हे सगळं तिला इतकं हवं होतं की तिने शेजारची चादर मुठीत धरली.

“खरं सांगू? मलाही…” ती थांबली. “पण त्याने आता काही होत नाही, शेर्विन. उद्या तिकडे कुठेतरी मी तुला विचारेन, कसा आहेस? तू म्हणशील, अठ्ठेचाळीस. आणि मी ते लिहून घेईन. थंडी कळत असूनही लिहून घेईन. तुझी नाही रे… मला माझी भीती वाटते.”

“एकदा चुकलो मी.”

“एक्केचाळीसदा. वीसदा मी. तुझं खोटं मला आज पहिल्यांदा कळलं असतं तर मी चिडले असते आणि परत आले असते. पण मला ते कळत होतं आणि आवडत होतं.”

त्याने डबा पुढे केला. ती म्हणाली की ठेव. आता तिच्याकडे लावायला चाक नाही. मग स्कूटर सुरू करताना तिच्या लक्षात आलं की त्याचा हात पुन्हा तसाच उचलला गेला आहे, हवेत थांबलेला. या वेळी तिने वेळ सांगितली नाही. तिने तो हात धरला, आपल्या कपाळावर टेकवला आणि सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर तिने एक्केचाळीस दिवसांवर आडवी रेघ मारलेला तक्ता ठेवला. आकडे खोटे आहेत आणि वीस दिवस ते आपल्याला ठाऊक होते, असं तिने सांगितलं. यात कोण कोण होतं, असं विचारलं तेव्हा नाव फक्त स्वतःचं दिलं. मार्गदर्शकांनी चष्मा पुसला. एका सदस्याने दुसऱ्याकडे पाहून अगदी बारीक स्मित केलं. अपेक्षित निष्कर्ष हाती आल्यावर संशोधक करतात तसं. कुणी तिच्या जागी खोटं तसंच ठेवलं असतं तर त्या खोलीत आज टाळ्या पडल्या असत्या. तिला एक वर्ष वाढवून मिळालं, नवी कॅराव्हॅन शोधण्याच्या अटीसह, आणि इतिवृत्तात एक शेरा.

साडेसहाचे निरोप थांबले. ती तरीही साडेसहाला उठायची. तलावावर धुकं असायचं, मग नसायचं. दोनदा तिने ‘जाऊ नकोस’ असं टाइप केलं, आणि दोन्ही वेळा ते चार शून्यांइतकं निरुपयोगी वाटून पुसलं. एका रविवारी ती राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीशी जाऊन तीन तास बसली. काहीही गार व्हायचं नव्हतं.

पंधरा फेब्रुवारीला, बरोबर साडेसहाला, निरोप आला. त्याला आवाजाचा एक तुकडा जोडला होता. पडद्याची ती कर्कश धोक्याची घंटा, न थांबता वाजणारी. चाकावरून काढलेल्या सेन्सरांना त्याने पुन्हा पडद्यासमोर ठेवलं असणार. खाली चार आकडे होते.

०, ०, ०, ०.

तिने वही काढली. तारीख लिहिली. चार रकान्यांत चार शून्यं लिहिली, डाव्या मागच्या चाकाचं सर्वांत शेवटी. शेऱ्याच्या रकान्यात पेन थोडा वेळ टेकून राहिलं, शाईचा ठिपका पसरला. मग तिने लिहिलं — वाचन खरे.

आणि फोन उचलून, दोन महिन्यांत पहिल्यांदाच मनापासून, उत्तर दिलं.

नोंदलं.