बारदानाच्या गोदामात

या, सरकून बसा. ही गोष्ट आमच्या भिकाची. आगीच्या बंबावर आम्ही दोघं एकाच पाळीत होतो आणि तिखटमीठ लावून सांगायची त्याला खोड नव्हती.

मल्हारी पगारे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, वारले त्याला नऊ दिवस झाले होते. आधी पंधरा वर्षं नौदलात बॉयलरवर, मग निवृत्त होईपर्यंत नाशकात बंबावर. नौदलात असताना एकदा जहाज पेटलं. वरून हुकूम आला, खालचं दार लावा. आबांनी लावलं. आत एक सोबती राहिला होता, लांब बोटांचा कोवळा पोरगा. तो दारावर थापा मारत होता. आबा त्या थापा ऐकत उभे राहिले, त्या थांबेपर्यंत. बंबावर आल्यावर मात्र आगीतून शेवटचा माणूस निघाल्याशिवाय आबा कधी बाहेर आले नाहीत. भिका त्यांच्याच हाताखाली शिकला.

गुरुवार, सतरा नोव्हेंबर त्र्याऐंशी. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आबांच्या घरच्या यशोदाबाई म्हणाल्या, "भिकाभाऊ, यांचा फोटो फ्रेमवाल्याकडून आणता का? पंचवटीत आहे, नऊला बंद करतो."

भिका सायकलवर गेला. फोटो कॅरिअरला बांधून निघाला, तर सव्वानऊला सगळीकडचे लाइट गेले. बोळात वळला आणि नाकात धूर शिरला. बारदानाचं, रिकाम्या पोत्यांचं गोदाम आतून धुमसत होतं. दाराशी सरुबाई ऊर बडवत होती.

"आमचे मालक आत झोपल्यात हो! हाकेला ओ देईनात!"

मालक म्हणजे तिचा नवरा, गोदामाचा रखवालदार काळू. बंबाला फोन करायला कोणीतरी धावलं होतं, पण बंब येईपर्यंत काळू उरणार नाही हे भिकाला कळत होतं. तोंडाला ओला रुमाल बांधून तो शिरला.

काळू पार आत सापडला, बेशुद्ध. भिकाने त्याच्या काखेत हात घातले, मागे वळला, आणि बारदानाची थप्पी कोसळली. नेमकी दारावर.

आता काहीच दिसेना. बाहेरची सरुबाईची हाकही ऐकू येईना.

तेवढ्यात पाठीवर पंजा पडला. गार.

"खाली."

भिका पालथा पडला.

"तोंड जमिनीला. भिंत धर."

आवाज ओळखीचा होता. नऊ दिवसांपूर्वी ज्याला खांदा दिला, त्याचा.

"आबा...?"

...

भिका भिंतीला धरून सरपटू लागला. एका हाताने काळूला ओढत. छाती फुटायला आली. काळू जड... जडच होत चालला. पुढे एका फटीतून चांदणं दिसलं. मागचं दार.

एकट्याला जमलं असतं.

भिकाने काळूचा हात सोडला.

पाठीवरचा पंजा दाबला गेला. असा, की हलताच येईना. फट तिथेच. चार हातांवर. श्वास संपत आला. भिका रडला. "आबा... सोडा ना..."

"दोघं. नाहीतर कोणीच नाही."

...

भिका मागे चाचपडला. काळूचा घोटा हाताला लागला. धरला. तसा पंजा सैल झाला.

लाथांनी दार मोडलं आणि दोघं गटाराच्या कडेला येऊन पडले. काळू खोकला. सरुबाई धावत आली ती नवऱ्याच्याच गळ्यात पडली. भिकाला कोणी शिवलंही नाही.

तो तसाच सायकलवर बसला आणि रात्री अकराला फोटो घेऊन आबांच्या दारात उभा राहिला. यशोदाबाईंनी कंदील वर धरला. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "वळा बघू."

काजळीने काळ्या झालेल्या शर्टावर पांढरा पंजा उठला होता. यशोदाबाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

"हा यांचाच. अख्खा जन्म ओळखते मी हा हात."

मग कंदील थोडा खाली आला.

"आणि भाऊ... हा दुसरा कोणाचा?"

भिकाने शर्ट काढून उजेडात धरला. पहिल्याच्या खाली एक अरुंद पंजा होता. लांब बोटांचा, कोवळ्या माणसाचा.

दोन्ही पंजे उजव्या हाताचे होते.