एद्गारचा कॉम्प्युटर बाराला बंद करायचा राहिला

शपथ कशाला घेऊ? चार यत्ताही शिकले नाही मी, पण खोटं बोलून कुणाला भ्यायला लावायची हौस मला नाही. हे आमच्या एल आल्तो शहरात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडलं.

रात्री नाही. एक नोव्हेंबरला, भर दुपारी बाराला.

फेलिपाचा एकुलता एक एद्गार मार्चमध्ये मिनीबससकट दरीत गेला. त्याचे झाडून सगळे फोटो त्याच्या कॉम्प्युटरात. आणि तो कॉम्प्युटर त्याच दिवसापासून मुका.

आमच्याकडे मेलेलं माणूस नोव्हेंबरच्या एक तारखेला बाराच्या ठोक्याला घरी येतं, दोन तारखेला बाराला परत जातं. त्याच्यासाठी टेबल मांडायचं. पाव, फळं, कांद्याची पात, चढण्या-उतरण्यासाठी पावाची शिडी. आणि मधोमध फोटो. फोटोच नसेल तर त्यानं घर ओळखायचं कशावरून?

म्हणून फेलिपानं त्या सकाळी माझ्या लेकीला बोलावलं. सुल्मा बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करते. हात सोन्याचा, तोंड माझ्यावर गेलेलं.

"आठ महिने काय झोपली होतीस का, मावशी? आणि आता तीन तासांत पाहिजे?"

"बटण दाबायला हात होत नव्हता गं."

सुल्मानं खुर्ची ओढली.

तिनं बटण दाबलं. काळा पडदा. पांढरी अक्षरं. सिस्टमची फाइल खराब झाली आहे, चालू करता येत नाही.

"चालू असताना वीज गेली असणार," सुल्मा म्हणाली. "मग मशीनला आपण कोण तेच आठवत नाही."

पेन ड्राइव्ह लावून तिनं दोनदा दुरुस्ती करून पाहिली. दोन्ही वेळा तीच पांढरी अक्षरं.

शेवटी तिनं पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि हार्ड डिस्क उघडली. फोटोंचा फोल्डर होता. त्यावर एद्गारचं नाव होतं.

आत... काहीच नव्हतं.

बाराला दोन मिनिटं कमी.

"प्लग काढ, मावशी. आतल्या वायरी बघते."

फेलिपानं प्लग काढला. मशीनचा पंखा थांबला. पडदा विझला.

चर्चची घंटा वाजली.

टेबलावरच्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकाच बाजूला वाकल्या. खिडक्या बंद होत्या.

आणि पंखा... घरघरायला लागला.

पडद्यावर एद्गार. कार्निव्हलच्या कपड्यांत, तोंडभर हसणारा.

प्लग अजून फेलिपाच्या हातात होता.

ती किंचाळली नाही. तिनं सुल्माकडून मशीन उचलून पावांच्या मधोमध ठेवून घेतलं. "दमला असेल," एवढंच म्हणाली.

फोल्डर आता भरलेला होता. सुल्मानं फोटो पेन ड्राइव्हवर उतरवायला घातले. डिस्क मरायला टेकलेली. काम मुंगीच्या पावलानं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना म्हणायला म्हातारा कासियानो आला. त्यानं टेबलावरचा पाव चाखला. नुसता भुसा. जराही चव नाही.

"पोटभर जेवलाय," तो म्हणाला. मेलेलं माणूस चव तेवढी खातं. "आता उचला सगळं. बाराच्या आत. एक पेलाही मांडलेला राहता कामा नये."

शिडी मोडली. फळं वाटली. राहिला कॉम्प्युटर.

"पाच मिनिटं, बाबा," सुल्मा म्हणाली. "चौऱ्याण्णव टक्के झालंय."

"मेलेल्याला टक्के कळत नाहीत, पोरी. बंद कर."

सुल्मानं बटणाकडे हात नेला. फेलिपा मध्ये उभी राहिली.

"हात लावलास तर तोडीन. माझ्याकडे दुसरा फोटो नाही."

घंटा वाजली. बारा झाले. कासियानो टोपी घेऊन निघाला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

सव्वाबाराला सगळे फोटो उतरले. सुल्मानं मशीन बंद केलं.

ते बंद झालं नाही.

आजही चालू आहे. गल्लीची वीज जाते, तेव्हाही.

महिन्यानं मी गेले. फेलिपाच्या हातचं सूप म्हणजे आख्ख्या गल्लीत नाव. घोट घेतला... गरम पाणी. वर मीठ घातलं, मिरचीची चटणी घातली. तरी गरम पाणीच. आणि माझी बहीण, नुसती हाडं.

"ते फेकून दे, फेलिपा."

"चव नसली तर नसू दे. तो जेवतोय ना?"

दुसऱ्या वर्षी पुन्हा टेबल मांडलं. बाराला शेजारपाजारच्या घरांतल्या ज्योती वाकल्या. फेलिपाच्या सरळ राहिल्या.

जो गेलाच नाही, तो येणार कुठून?

हे सगळं मी कशाला सांगत बसले असते? आमच्या घरचं आमच्यात. पण काल सकाळी न्याहारीला मी पाव तोडला. माझ्या चुलीवरचा, माझ्या हातचा.

दुसरा तोडला. तिसरा. एकालाही चव नाही.

समोर सुल्माही घास तोंडात धरून बसली होती. चावत नव्हती.

"सुल्मा," मी म्हटलं, "तो पेन ड्राइव्ह कुठे ठेवलायस?"

 ती नुसती माझ्या डोक्यावरच्या फळीकडे बघत राहिली.