तानू, पानी ठेव

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या आधीच पोटात घाला. लिहिणाऱ्याची शाळा आठवीत सुटली, त्यामुळे शब्दही रोजच्या वापरातलेच आहेत. गोष्ट मात्र झाली तशी सांगतो.

मसाटला कारखान्यांच्या मागच्या अंगाला एक विहीर आहे. तानूबाईच्या नवऱ्याने, चिंधाने, ती आपल्या हाताने खणलेली. पुढे शेजारच्या कुठल्याशा कारखान्याचं रसायन जमिनीत मुरलं आणि पाण्याला गोडसर, डोकं जड करणारा वास यायला लागला. कारखाना बंद पडला, वास राहिला. मग तिथे पाणी साफ करायचा टॉवर बसला, आणि तो चालवायला शिरपूरकडचा समाधान आला.

टॉवर म्हणजे उंच उभा पाइप, आत प्लॅस्टिकच्या कड्या खच्चून भरलेल्या. विहिरीचं पाणी वरून झिरपत खाली येतं, खालून ब्लोअर हवा मारतो. पाण्यात जे उडून जाणारं असतं ते हवेबरोबर वर निघतं आणि दुसऱ्या पाइपाने कोळशाच्या बंद ड्रममध्ये जाऊन अडकतं. खाली उरतं ते साफ पाणी.

दिवे लागायच्या सुमाराला तानूबाई हंडा घेऊन यायची. हंडा नळाखाली लावायची आणि ड्रमला टेकून बसायची. समाधान मुखदुर्बळ, बाईमाणसासमोर त्याची मान वर होत नसे. पण तानूबाईला तो न सांगता चहा करून द्यायचा. बशीतून फुरके मारत ती त्याची चेष्टा करायची. असल्या लाजाळूला पोरगी कोण देणार, त्यापेक्षा या टॉवरशीच लगीन लाव, म्हणायची. नरोलीच्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या पोराला तेवढं हसू रात्रभर पुरायचं.

चिंधाला जाऊन तीन पावसाळे झाले होते. जिवंत असताना कामावरून आला की तो दाराशी विडी विझवून खोकायचा आणि आंघोळीचं पाणी मागायचा. गरम पाणी अंगावर घेतल्याशिवाय घासाला शिवायचा नाही. तानूबाई सांगायची, तो गेल्यावरही संध्याकाळी बादली विहिरीत सोडली की खालून तोच खोकला यायचा. टॉवर आला आणि विहीर मुकी झाली. तिने सुपरवायझर भावेशला विचारलं, पाण्यातलं नक्की काय काढता? भावेश घाईत होता. म्हणाला, "काकी, जे उडून जाणारं असतं ना, ते कोळशात जाऊन बसतं."

माणसातलं उडून जाणारं काय असतं, हे तानूबाईला कोणी सांगायला नको होतं. तेव्हापासून तिची बसायची जागा ड्रमपाशी ठरून गेली.

त्या संध्याकाळी समाधान सहज बोलून गेला, की ड्रम भरलाय, सकाळी टेम्पो येणार आणि कोळसा भट्टीत जाणार. तानूबाईची बशी ओठाशीच थांबली.

"भट्टीत?"

"हो आजी. जुना कोळसा तिथंच जातो."

तिने बशी खाली ठेवली. मग ड्रमवरून हात फिरवत म्हणाली, "मी त्याला एकदा जाळलाय, पोरा. पुन्ना नाय जाळू देनार."

आतला कोळसा विषारी होता, सील तोडायची मनाई होती. हो म्हणणं शक्य नव्हतं, आणि तिला नाही म्हणणं जिवावर येत होतं. समाधान चुळबुळत उभा राहिला.

तेवढ्यात लाइट गेली.

ब्लोअरची घरघर उतरत उतरत थांबली. टॉवरमधलं झिरपणंही थेंबाथेंबावर आलं, मग तेही थांबलं. अंधारात फक्त तो गोड वास राहिला. आणि ड्रममधून खोकला आला. कोरडा, दबलेला. घरधनी दार लोटायच्या आधी खोकतो तसा.

"आजी..." समाधानच्या तोंडून जेमतेम फुटलं.

"गप," ती हळूच म्हणाली.

पुन्हा खोकला. मग पत्र्याच्या आतून, ढिगाखालून आल्यासारखं... "तानू... पानी ठेव..."

तानूबाई उठली. घाबरली नाही, रडली नाही. उशिरा घरी आलेल्या माणसावर रुसावं तशी म्हणाली, "कवाची बसलेय मी. चल, ठेवते." हंडा डोक्यावर घेतला आणि झोपडीच्या वाटेला लागली.

वारा झोपडीकडून येत होता. तरी तो जड, गोड वास समाधानच्या खांद्याला घासून वाऱ्याच्या उलट, तिच्या मागोमाग गेला. त्यात विडीचाही वास होता.

सकाळी टेम्पो आला. भावेशने सील तपासलं, त्यावर ओरखडाही नव्हता. ड्रम चढवला गेला, टेम्पो धूळ उडवत निघून गेला. समाधानला राहवेना, तो तानूबाईच्या झोपडीकडे गेला.

ती चुलीपाशी भाकरी थापत होती. केस कोरडे, अंगावर कालचंच लुगडं. मागे न्हाणीच्या दगडावरून पाणी वाहत होतं, त्यातून अजून वाफ निघत होती. पाणी काळं होतं. कोळसा धुतल्यासारखं काळं.

"जरा जास्त पानी लागंल आता, पोरा," नव्या नवरीसारखी लाजत ती म्हणाली. "एवढा काळा झालाय, एका दिसात निघायचं नाय."

समाधान टॉवरवर परत आला, नवा ड्रम जोडला, ब्लोअर चालू केला आणि नळापाशी एकाऐवजी दोन हंडे भरून ठेवले.