डाव्या बाजूचे बोलणे

पनवेलच्या वडाळे तलावाकाठच्या रस्त्यावरच्या एका डाव्या वळणावर, मार्गशीर्षातल्या एका कोवळ्या सकाळी, विश्वजीतच्या मोटारसायकलचे तिसरे चाक जमिनीवरून अलगद उचलले गेले.

“अहो, चाक! तुमचं चाक उडतंय!”

त्याने घाबरून ब्रेक दाबला आणि उजवीकडे पाहिले.

“इकडे, इकडे! तिकडे नुसता तलाव आहे.”

डाव्या फुटपाथवर ती उभी होती. कडेवर मूल घ्यावे तशी शेवंतीची कुंडी घेतलेली… आणि डोळ्यांत भीतीपेक्षा हसूच अधिक.

“साइडकार रिकामी असली की डावीकडे वळताना असं उचलतं,” तो ओशाळून म्हणाला. “मेकॅनिकने वाळूचं पोतं ठेवायला सांगितलं होतं.”

“मग ठेवलं का नाही?”

“पोतं घेऊन फिरायची लाज वाटली.”

“माझी वाटणार नसेल तर मी बसते. तुम्ही खांदा कॉलनीतले ना? समोरच्या बिल्डिंगमधले? आमच्याकडची पोरं तुमच्या गाडीत बसून फोटो काढतात.”

ती अनुया. खारघरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळीत असे. कुंडी मांडीवर घेऊन ती साइडकारमध्ये बसली, आणि पुढच्या वळणावर चाक शहाण्यासारखे जमिनीला चिकटून राहिले.

एका वर्षापूर्वीपर्यंत विश्वजीतची गाडी दोनच चाकांवर धावत असे. कर्नाळ्याच्या वळणांवर ती कलली की तोही तिच्यासंगे कलत असे, जणू दोघांचा प्राण एकच. पाऊस ओसरल्यावर डोंगरावरून येणारा ओल्या गवताचा गंध, हेल्मेटच्या काचेवर चढणारे धुके, परतीच्या वाटेवरचा वाफाळता चहा… असे ते दिवस होते. मग डाव्या कानामागे गाठ निघाली. मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, परंतु डाव्या कानाचे ऐकणे आणि देहाचा तोल, दोन्ही त्या टेबलावरच राहून गेले. घरी आल्यावर तो मोठ्या आशेने दुचाकीवर बसला आणि पार्किंगमधून बाहेर पडण्याआधीच आडवा झाला. तेव्हा त्याने डाव्या अंगाला साइडकार जोडून घेतली. आता गाडी पडत नसे. पण कलतही नसे.

कानाविषयी मात्र तो कुणाला सांगत नसे. आजारपणाआधी एक स्थळ जवळजवळ ठरले होते. कान गेल्याचे कळताच तिकडचे फोन बंद झाले. तेव्हापासून तो अशी जागा धरून बसे की समोरचा माणूस त्याच्या उजवीकडेच येईल.

साइडकारला मात्र डावी बाजू सोडवत नाही.

तळोज्याच्या कारखान्याकडे जाताना तो वाट वाकडी करून अनुयाला खारघरला सोडू लागला. कळंबोली आली की तिचे बोलणे सुरू होई. इंजिनचा धडधडाट, वारा, हेल्मेट आणि तो मिटलेला कान… त्याच्यापर्यंत एक अक्षरही पोहोचत नसे. पण काचेआड तिचे डोळे मोठे होत, हात हवेत नाचत, मध्येच ती मान कलती करून त्याच्याकडे पाही. मग तो होकारार्थी मान हलवी. सांगून टाकावे असे रोज वाटे. आणि रोज वाटे, सांगितले तर ही जागा उद्या रिकामी असेल.

माघ लागला. एके दिवशी कॉलेजच्या फाटकाशी ती उतरली ती गप्पच होती. “ठीक आहे,” एवढेच बोलून वळली. दुसऱ्या दिवशी आली नाही. आठवडा गेला. साइडकार पुन्हा वळणांवर उचलली जाऊ लागली, आणि या वेळी त्याला खरोखरच पडल्यासारखे वाटू लागले.

रविवारी सकाळी ती सोसायटीच्या गेटपाशी भेटली.

“येत नाही हल्ली?” त्याने विचारले.

“सामान बांधतेय. नाशिकच्या कॉलेजला उद्या होकार कळवायचा आहे.”

“नाशिक? अचानक?”

“अचानक?” तिचा स्वर कापला. “मी तुम्हाला विचारलं होतं. म्हटलं, नाशिकची नोकरी घेऊ का? तुम्ही मान हलवलीत. परत विचारलं, तर हसलात पण! जा म्हणायची एवढी हौस होती?”

 लपवावे तरी ती जाणार, सांगावे तरी कदाचित जाणार…

“अनुया, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

“म्हणजे कमी येतं?”

“काहीच येत नाही. ऑपरेशनपासून.”

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. “म्हणजे माझ्या आईचं दुखणं… आमच्या प्रिन्सिपॉलची नक्कल… सगळं?”

“एक शब्दही नाही. तुमचे डोळे बघून मान हलवायचो. सांगितलं असतं, तर तुम्ही बसला नसता… असं वाटलं.”

“मूर्ख आहात,” ती म्हणाली. मग एकाएकी तिचे कान लाल झाले. “देवा! आणि ते पुलावरचं?”

“पुलावर काय?”

ती त्याच्या पाठीमागून फिरून उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. इतकी जवळ, की तिच्या ओल्या केसांचा शिकेकाईचा वास त्याला आला.

“इकडून येतं ना? मग परत विचारते. नाशिकला जाऊ का?”

“नको. जाऊ नका.”

“का?”

तो गेटच्या कडीशी चाळा करू लागला. अनुयाचा आवाज अगदी खाली गेला.

“तुम्ही मला आवडता. कळंबोलीच्या पुलावर कितीदा सांगितलंय. दर वेळी तुम्ही मान हलवायचात आणि गिअर बदलायचात.”

विश्वजीतने सवयीने मान हलवली.

“मान नको! तोंडाने बोला.”

त्याने श्वास घेतला. एका कानाच्या माणसाला आपला आवाज किती मोठा झाला हे कळत नाही. मनात एवढे दिवस कोंडलेले सारे एकदम बाहेर आले.

“मलाही तुम्ही आवडता! फार आवडता!”

वॉचमन काळूराम खुर्चीतून उठला. दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी उघडली, पाठोपाठ तिसऱ्यावरची. अनुयाने ओढणीत तोंड लपवले आणि हसत हसत त्याचा हात घट्ट धरला.

“अहो, हळू! मला दोन्ही कानांनी ऐकू येतं.”